छपराखालची धाव

रायगडच्या किनाऱ्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलाला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. ओहोटी किती वाजता आहे, आणि पाऊस किती दिवसांवर आला आहे. पाणी मागे हटलं की मुरूडची, काशीदची, दिवेआगरची ओली वाळू घट्ट होते आणि फुकटात लांबच लांब धावपट्टी मिळते. पण जून उजाडला की होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर छप्पर चढतं. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद, आणि या मुलाची धावही बंद. वाळूवर उधाण, शाळेच्या मैदानात चिखल. होडीला छप्पर मिळतं, धावणाऱ्याला मिळत नाही.

आज ज्या स्पर्धेविषयी बोलायचं आहे, तिचा जन्मच मुळी अशा छपराच्या गरजेतून झाला. ती म्हणजे जागतिक इनडोअर ॲथलेटिक्स स्पर्धा. धावणं, उड्या मारणं, गोळा फेकणं हे सगळे उघड्या आभाळाखालचे खेळ. ते चार भिंतींच्या आत नेण्याची गरज कुणाला भासली? ज्यांच्या मैदानांवर हिवाळ्यात बर्फ पडतो, त्यांना. लंडनच्या ॲशबर्नहॅम हॉलमध्ये ७ नोव्हेंबर १८६३ रोजी छपराखाली शर्यती झाल्या. न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लबनं आपली पहिली स्पर्धा भरवली ती ११ नोव्हेंबर १८६८ रोजी, स्केटिंगसाठी बांधलेल्या इमारतीत. दोन्ही तारखा नोव्हेंबरच्या आहेत. तिकडे थंडीला तोंड फुटतं ते याच दिवसांत.

पुढे या हौसेचा सोहळा झाला. न्यूयॉर्कच्या वॉनामेकर या बड्या दुकानात काम करणाऱ्या मंडळींनी १९०८ साली मिलरोज गेम्स सुरू केले. १९१४ पासून ते मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरू लागले. लाकडी फळ्यांची धावपट्टी, आणि ती इतकी लहान की एक मैल पुरा करायला अकरा फेऱ्या माराव्या लागत. याच गार्डनमध्ये ६ जानेवारी १९२५च्या रात्री फिनलंडच्या पावो नुर्मीनं एक मैल आणि पाच हजार मीटर अशा दोन्ही शर्यतींत छपराखालचे विक्रम केले. बर्फाच्या देशातला माणूस भर जानेवारीत विक्रम करत होता. छप्पर होतं, म्हणून त्याचा हिवाळा फुकट गेला नाही.

इमारतीत खेळ आला की त्याचे नियम बदलतात. मैदानावरची फेरी ४०० मीटरची असते, इथे ती २०० मीटरची. शंभर मीटरऐवजी साठ मीटर धावायचं. वळणं इतकी तीव्र की धावपट्टी बाहेरच्या अंगाला उचलून बांधावी लागते. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना वळणावर गाडी कशी बाहेर ओढली जाते ते आठवा, म्हणजे यातली मेख कळेल. सगळ्यांत आतल्या लेनमधल्या धावपटूला वळण फार आवळून घ्यावं लागतं आणि तो मागे पडतो. म्हणून २००४च्या बुडापेस्टच्या स्पर्धेनंतर जागतिक इनडोअरमधून २०० मीटरची शर्यतच काढून टाकण्यात आली. भाला, थाळी आणि हातोडा यांना इथे जागा नाही, कारण ते पडतील कुठे हा प्रश्न आहे. त्यामुळे आपला नीरज चोप्रा या स्पर्धेत कधी दिसायचा नाही. फेकीच्या प्रकारांपैकी टिकला तो एकटा गोळा.

जागतिक पातळीवरची पहिली स्पर्धा जानेवारी १९८५मध्ये पॅरिसला झाली, तेव्हा तिचं नाव वर्ल्ड इनडोअर गेम्स होतं. अजिंक्यपद स्पर्धा हे नाव घेऊन ती १९८७मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला भरली. आशियात ती पहिल्यांदा आली १९९९मध्ये, जपानच्या माएबाशी शहरात. आणि २०१० साली ती गेली कतारमधल्या दोह्याला.

दोह्याचं नाव निघालं की मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडचे कान टवकारतात. आमच्या मोहल्ल्यांतली किती घरं आखातातून येणाऱ्या पैशांवर उभी राहिली, त्याची गणती नाही. कतारमध्ये नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, तिथल्या एस्पायर डोम नावाच्या प्रचंड घुमटाबद्दल तो सांगेल. ही स्पर्धा त्याच घुमटाखाली झाली. कतारला बर्फाची भीती नव्हती. तिथे भीती उन्हाची. न्यूयॉर्कनं थंडी बाहेर ठेवायला जे केलं, तेच कतारनं उष्मा बाहेर ठेवायला केलं. ज्याचा त्याचा ऋतू ज्याच्या त्याच्या मुळावर येतो, आणि ज्याच्या हाती पैसा आहे तो त्यावर छप्पर घालतो.

मग आपला ऋतू कोणता? आपल्याला हिवाळा आडवा येत नाही, उलट हिवाळा हाच आपला धावण्याचा हंगाम. आपल्याला आडवा येतो तो पाऊस. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. गावोगावच्या तालमी पाहा. भिंती, वर कौलं, आत तांबडी माती. बाहेर आषाढ कोसळत असला तरी आत जोर-बैठका थांबत नसत. कुस्तीला आणि मल्लखांबाला आपण छप्पर दिलं. अलीकडे कबड्डी मॅटवर आणि सभागृहात गेली. रायगडातल्या गावांनी तिच्यावर जीव लावला आहेच. धावणं तेवढं बाहेर राहिलं. १९२० साली डेक्कन जिमखान्याच्या आणि सर दोराबजी टाटांच्या खटपटीनं आपले खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ही आपली परंपरा. मोठी आहे, पण सगळी उघड्यावरची.

याचा परिणाम निकालांत दिसतो. आशियाई इनडोअर ॲथलेटिक्स स्पर्धा २००४मध्ये तेहरानला सुरू झाली. आपल्या खेळाडूंना मात्र अशा धावपट्टीवर पाय ठेवायला कितीतरी वर्षं परदेशातच जावं लागे. २०२२च्या बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीत श्रीशंकर सातवा आला. ज्योती याराजीनं साठ मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २०२३ला अस्तानामध्ये आशियाई रौप्य आणि २०२४ला तेहरानमध्ये सुवर्ण मिळवलं. गोळाफेकीत तजिंदरपाल सिंग तूर दोन्ही वेळा सुवर्णाचा मानकरी ठरला. मराठी नाव हवं असेल तर तेही आहे. मराठवाड्यातल्या तेजस शिरसेनं मे २०२४मध्ये फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळ्यांचा राष्ट्रीय विक्रम १३.४१ सेकंदांवर आणला. छपराखालच्या साठ मीटर अडथळ्यांतही त्यानं राष्ट्रीय विक्रम केला.

ज्योती आणि तेजस या दोघांच्या जडणघडणीत भुवनेश्वरच्या सराव केंद्राचा वाटा आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमच्या आवारात ॲथलेटिक्ससाठी इनडोअर स्टेडियम उभं राहिलं आहे. ओडिशाचा किनारा आपल्यासारखाच. पावसाचा, वादळांचा, कोळ्यांचा. तिथे पावसावर छप्पर घातलं गेलं.

आता कुणी म्हणेल, एवढा खर्च कोण करणार? त्याचं उत्तर या खेळाच्या नियमांतच दडलेलं आहे. साठ मीटरची शर्यत सरळ असते, तिला वळण लागत नाही. सुरुवातीची आणि थांबण्याची जागा धरून ऐंशी-नव्वद मीटर लांब आणि चार-पाच लेनपुरती रुंद शेड पुरे. भिंती नसल्या तरी चालेल, वारा आपल्याला परका नाही. जागतिक संघटनेनंही २०२३च्या अखेरीपासून इनडोअर हा शब्द मागे सारून शॉर्ट ट्रॅक असं नाव घेतलं आहे. अंतर आणि धावपट्टी तीच, छप्पर असो वा नसो. ज्यांनी छपरासाठी हा खेळ घडवला, त्यांची छपराची सक्ती सुटली. आपली गरज मात्र अजून बाकी आहे.

शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पाऊसही जूनमध्येच. चौदा वर्षांच्या मुलीच्या वेगाला चार महिने थांब म्हणता येत नाही. मे महिन्यात वाळूवर कमावलेला दम सप्टेंबरपर्यंत उतरलेला असतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि असं दर वर्षी. एखाद्या वर्षी ती सुरुवात करायला येतच नाही. घरी काम असतं, लग्नाचं बोलणं चाललेलं असतं, आणि मास्तरांच्या वहीतलं एक नाव कमी होतं. अलिबागला, मुरूडला, श्रीवर्धनला बाजाराची, मासळीची, बसची छपरं आहेत. त्यांत आणखी एक ऐंशी मीटरचं बसवणं तालुक्याला जड जाऊ नये.