कालाओरा बुरूज: पुलाच्या टोकाला जपलेली अंदलुसची आठवण

स्पेनमधल्या कुर्तुबा, म्हणजे आजच्या कोर्दोबा शहरात ग्वादलकिवीर नदीवर जुना रोमन पूल आहे. नदीचं हे नाव अरबी ‘वादी अल-कबीर’वरून आलं. पुलाच्या उत्तरेला सुप्रसिद्ध जामा मशीद (आता कॅथेड्रल), तर दक्षिण टोकाला कालाओरा बुरूज उभा आहे.

पुलाच्या रक्षणासाठी मुस्लिम राजवटीत इथे दोन चौकोनी बुरूज आणि मधे कमान असा दरवाजा होता. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजा फर्नांदो तिसरा याच्या ताब्यात गेलं. १३६९ मध्ये एन्रिके दुसरा याने सावत्र भावाविरुद्धच्या लढाईत दोन्ही बुरूज जोडणारा गोलाकार भाग बांधून घेतला. नंतर इथे तुरुंग झाला, मग मुलींची शाळाही भरली. १९३१ मध्ये त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

१९८७ पासून इथे अंदलुसच्या जीवनाचं संग्रहालय आहे. मशिदीची मूळ रूपातली प्रतिकृती आणि अल्हम्ब्राचा नमुना इथे पाहायला मिळतो. मुस्लिम विचारवंत इब्ने रुश्द आणि इब्ने अरबी, यहुदी विद्वान मुसा बिन मैमून आणि ख्रिस्ती राजा अल्फोन्सो दहावा यांचे पुतळे एकाच दालनात आहेत.

यातली एक गोष्ट विसरू नये. इब्ने रुश्द याच शहरात १२२६ च्या शंभर वर्षं आधी, ११२६ मध्ये जन्मले. ११९५ च्या सुमारास मुस्लिम खलिफानेच त्यांना शहराबाहेर धाडलं, त्यांची पुस्तकं जाळली. म्हणून अंदलुसचा अभिमान बाळगताना ही चूकही मुलांना सांगायला हवी.