दूध घटवणारा, पण न दिसणारा सुप्त कासदाह

रायपूर : दुभत्या गायीच्या कासेला होणाऱ्या जंतुसंसर्गाला कासदाह म्हणतात. मराठी पशुपालकांना तो ‘दगडी’ या नावाने परिचित आहे. रायपूर परिसरात त्याला ‘थनैला’ म्हणतात. कास सुजणे, कडक होणे, दुधात गुठळ्या येणे ही लक्षणे सहज ध्यानी येतात. परंतु अधिक नुकसान करतो तो सुप्त कासदाह. त्यात कास व दूध दोन्ही निरोगी भासतात, केवळ दूध घटते आणि दोष बहुधा चाऱ्याला दिला जातो.

कासेचे चारही कप्पे परस्परांपासून स्वतंत्र असतात. सडाच्या छिद्रातून स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस किंवा ई. कोलाय हे जिवाणू आत शिरले की त्यांच्याशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी त्या कप्प्यात उतरतात. या झुंजीत दूध निर्माण करणाऱ्या पेशीही नष्ट होतात. त्यांची जागा तंतुमय ऊतीने घेतली, तर तो कप्पा पूर्ववत दूध देत नाही. दुधातील शर्करा व केसीन घटते, क्षार वाढतात. त्यामुळे दूध खारट लागते आणि पनीरचा उतारा कमी पडतो.

रायपूर, दुर्ग व बिलासपूरच्या मैदानातील कोसली ही देशी गाय मुळातच थोडे दूध देते. अधिक दुधासाठी पाळल्या जाणाऱ्या जर्सी व होल्स्टीन संकरित गायींना या रोगाचा धोकाही अधिक असतो. पावसाळ्यात चिखल व ओल्या तणसामुळे तो आणखी वाढतो.

सुप्त कासदाह ओळखण्यासाठी १९५७ पासून ‘कॅलिफोर्निया’ चाचणी प्रचलित आहे. प्रत्येक सडाच्या थोड्या दुधात द्रावण मिसळल्यावर मिश्रण घट्ट झाले, तर संसर्गाची शंका घ्यावी. दुधात प्रति मिलिलिटर २ लाखांहून अधिक पेशी असणे हे संसर्गाचे लक्षण मानतात.

धार काढल्यानंतर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते. तेवढा वेळ गाय बसू नये म्हणून तिच्यापुढे चारा टाकावा आणि सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. बाधित गायीची धार सर्वांत शेवटी काढावी. हात व फडके यांतूनच रोग गोठाभर पसरतो. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. उपचारकाळात आणि त्यानंतर ठरवून दिलेल्या दिवसांपर्यंत ते दूध विकता येत नाही. दोन-तीन गायींवर चालणाऱ्या घराला हा फटका मोठा असतो.