सोलापुरी चादर व भौगोलिक मानांकन

सोलापुरी चादर : सोलापूर येथे, मुख्यतः तेलुगू भाषिक पद्मशाली विणकरांनी नावारूपास आणलेली जाड, नक्षीदार सुती चादर. तिच्या नावावर इतरत्र विणलेला मालही खपू लागला. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक करारानुसार (१९९५) मायदेशी संरक्षण नसलेल्या भौगोलिक नावास संरक्षण देण्याचे बंधन परराष्ट्रांवर नाही. एका अमेरिकी कंपनीस १९९७ मध्ये बासमती तांदळासंबंधी एकस्व मिळाले, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली. भारताचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. २००५-०६ मध्ये चादरीची नोंद झाली. करारात द्राक्षमद्यादी पेयांना दिलेले अधिक कडक संरक्षण सर्वच मालास मिळावे, ही भारतादी देशांची मागणी वास्तविक रास्त होती. दोहा फेरीत मात्र तीवर एकमत झाले नाही.