खिडकीतून दिसलेला इतिहास

छायाचित्रणाचा जन्मच खिडकीत झाला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरे धातूच्या पत्र्यावर उमटवली. कॅमेऱ्याने टिपलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र ते हेच. पुढे प्राग शहर नाझी अंमलाखाली असताना, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला योसेफ सुदेक १९४० पासून आपल्या चित्रशाळेची दमट काच टिपू लागला आणि १९५४ पर्यंत टिपत राहिला. वाटा बंद झाल्या म्हणजे कलावंताची दृष्टी आटत नाही. ती जवळ वळते.

आपल्या भागापुरता हा विचार करताना १८९६ च्या मुंबईतील प्लेगची आठवण अपरिहार्य आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि रेल्वेच्या उतारूंची तपासणी सुरू झाली. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगावलाही त्या साथीने सोडले नाही. कॅप्टन सी. मॉस यांची म्हणून ओळखली जाणारी मुंबईची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत रुग्णालये आहेत, घरे धुणारी पथके आहेत. परंतु ती दृष्टी सरकारची. ज्यांची घरे धुतली गेली, त्यांना आतून काय दिसले, हे सांगणारा कॅमेरा त्यांच्या हाती नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले, तरी सोयरीक, दवाखाना आणि बाजार यांसाठी कागल-कोल्हापूरची वाट चालूच राहिली. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत मात्र ती खुंटली. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे चाचणीचा दाखला मागितला जाऊ लागला आणि निपाणीजवळचा कोगनोळी नाका साऱ्यांच्या तोंडी झाला.

पावसाळा आला की आंबोलीकडे धावणारे माझ्या परिचयाचे हौशी छायाचित्रकार त्या काळात परसात अडकले. एकाने जास्वंदीवरचा शिंजीर टिपला; दुसऱ्याने कौलाच्या फटीतून आईच्या हातावर पडलेला कवडसा. निपाणीच्या एका तरुणाने विड्यांचे काम बंद पडल्याने रिकामे राहिलेले सूप टिपले. त्या सुपात तंबाखू नाही, पान नाही. एका घराची थांबलेली मिळकत मात्र आहे. असे चित्र १८९७ च्या संग्रहात सापडत नाही. कारण या वेळी पाहणारा घरातलाच होता.

सीमाभागाविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते ठराव, खटले आणि मोर्चे यांच्या अंगाने. आमची घरे त्यात फारशी आली नाहीत. टाळेबंदीतील ही चित्रे ती उणीव काही अंशी भरून काढतात. पण ती आहेत दूरध्वनीच्या पोटात, आणि यंत्र बदलताच नाहीशी होणारी. शाळेने अशी चित्रे मागवावीत, प्रत्येकाखाली गाव, तारीख आणि दोन ओळींची हकीकत लिहून घ्यावी आणि ग्रंथालयात जपावीत. उद्याच्या अभ्यासकाला आपल्या घराची साक्ष परक्याच्या डोळ्यांकडून उसनी घ्यावी लागू नये.