काकडीचा घोडा, वांग्याची गाय

काकडीला चार काड्या टोचल्या की घोडा होतो, वांग्याला टोचल्या की गाय. तोक्योत जुलैच्या मध्यावर ओबोन येतो, पितर घरी येण्याचा सण. तेव्हा आमच्या घरमालकीणबाई ही जोडी देव्हाऱ्यापुढे मांडायच्या. पितरांनी येताना घोड्यावरून लवकर यावं आणि परतताना गाईच्या चालीने सावकाश जावं, म्हणून. मी त्यांना 'ओबाआसान' म्हणायचे. पुण्याला फोनवर बोलताना त्या नुसत्या 'आजी' असायच्या. काड्या टोचताना आजी गुणगुणायच्या आणि गाणं दरवर्षी एकच: 'नात्सु नो ओमोइदे', उन्हाळ्याच्या आठवणी.

हेच का, असं मी तिसऱ्या वर्षी विचारलं.

आजींचा जन्म १९३५ चा, पूर्व तोक्योतल्या कोतो भागातला. १९४४ च्या उन्हाळ्यात बॉम्बच्या भीतीने शहरातली तिसरी ते सहावीची मुलं शाळेबरोबर खेड्यापाड्यांत हलवली गेली. आजी नागानोच्या डोंगरातल्या एका देवळात राहिल्या. लाल भोपळा खाऊन खाऊन तळहात पिवळे झाले होते, म्हणायच्या. १९४५ च्या १० मार्चला रात्री तोक्योवर आग बरसली आणि सुमारे एक लाख माणसं गेली. त्यात आजींचे वडील होते. मुलीला ते कळलं एप्रिलात, आईच्या पत्रातून. मग १५ ऑगस्टला दुपारी बारा वाजता सगळ्या मुलांना अंगणात रेडिओपुढे उभं केलं. सम्राटांची दरबारी भाषा पोरांना कळली नाही. गुरुजी रडत होते आणि झाडांवर सेमी ओरडत होते. सेमी म्हणजे जपानी उन्हाळ्यात दिवसभर कर्कश किरकिरणारे किडे. "तेव्हापासून सेमी ओरडायला लागले की मी आधी घड्याळ बघते," आजी म्हणाल्या.

रेडिओवर ते गाणं लागलं १९४९ साली. उद्ध्वस्त झालेल्या लोकांना उभारी देईल असं काहीतरी लिहा, असं रेडिओवाल्यांनी कवयित्री एमा शोको यांना सांगितलं होतं. युद्धाच्या दिवसांत अन्नधान्य मिळवायला त्या ओझेगाहारा पाणथळीच्या पायथ्याच्या गावी गेल्या होत्या, तिथे त्यांनी मिझुबाशोची पांढरी फुलं पाहिली होती. तीच गाण्यात आली. चाल नाकादा योशिनाओ यांची. युद्धात ते सैन्यात वैमानिक होते. त्यांच्या वडिलांनी वसंताच्या चाहुलीच्या प्रसिद्ध गीताला चाल दिली होती. मुलाने पुढे उन्हाळा, शरद आणि बर्फ, तिन्हींना चाली दिल्या. बापलेकांनी मिळून एका देशाचं सगळं वर्ष गाऊन ठेवलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

चौदा वर्षांच्या आजींनी ते गाणं शेजारच्यांच्या रेडिओवर ऐकलं. "माझ्या उन्हाळ्यात आठवावं असं काही नव्हतं गं," त्या म्हणाल्या, "म्हणून मी गाण्यातलाच उन्हाळा घेतला."

नंतर मी आजींच्या मुलाच्या आणि नातीच्या पिढीची उन्हाळ्याची गाणी ऐकत गेले. १९७८ साली आलेल्या 'सदर्न ऑल स्टार्स'ची समुद्रकिनाऱ्याची धमाल गाणी आजींच्या मुलाची. नातीचं 'सीक्रेट बेस', २००१ चं, सुट्टीअखेर दुरावणाऱ्या मैत्रीचं. आणि दोघांच्या मधलं, १९९० चं इनोउए योसुइ यांचं 'शोनेन जिदाई'. ते ज्या चित्रपटासाठी लिहिलं, तो आजींसारख्याच, युद्धात खेड्यात पाठवलेल्या एका मुलाचा. त्यात 'काझे-आझामी' असा एक शब्द आहे. तो कुठल्याही शब्दकोशात नव्हता, कवीने घडवलेला. तरी तो ऐकला की प्रत्येकाला आपापला उन्हाळा दिसतो.

किनाऱ्यावरची धमाल सोडली तर यातल्या बहुतेक गाण्यांत उन्हाळा निघून गेलेला असतो. मला याचं कारण ऋतूंच्या क्रमात दिसतं. आपल्याकडे आधी ऊन, मग पाऊस. उन्हाळा संपला की सुटका. तिकडे जूनमध्ये पाऊस, तो जुलैत उघडला की कडक उन्हाळा, आणि पुढे लगेच पानगळीची चाहूल. ऑगस्ट म्हणजे शाळेची सुट्टी, बहुतेक प्रांतांतला ओबोन आणि युद्धाचा शेवटचा दिवस. एवढं सगळं ज्या महिन्यात भेटून परत जातं, तो संपताना हुरहूर लागणारच.

एमा शोकोंच्या गाण्यातलं मिझुबाशो म्हणजे शब्दशः पाणकेळ. कवी बाशोने ज्या केळीवरून नाव घेतलं, तीच ही 'बाशो'. मात्र झाड आपल्या अळूच्या कुळातलं. पांढरी पाकळी वाटते ते खरं तर एकच पान, हाताच्या ओंजळीसारखं वळलेलं, आत पिवळसर दांडा. शिरीष पैंमुळे हायकू वाचलेल्या मराठी वाचकाला ऋतुशब्द माहीत असतात. जपानी ऋतुकोशात हे फूल उन्हाळ्याचं आहे, पण ते उमलतं बर्फ वितळताना. गाणं ऐकून भर उन्हाळ्यात ओझेगाहाराला गेलेल्यांना फक्त मोठाली पानं दिसायची. तरी लोक जात राहिले, इतके की तिथल्याच आयामेदाइरा या पाणथळीचं गवत पायांखाली उजाड झालं आणि ते परत उगवायला दशकं लागली. तिथली पीटची माती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही.

आजींना घेऊन मी एका जूनमध्ये ओझेगाहाराला गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या काठी टेकत तासभर उतरल्या. पहिलं फूल दिसल्यावर वाकून बघत राहिल्या. गुणगुणल्या मात्र नाहीत. "आता माझं स्वतःचं झालं," एवढंच म्हणाल्या.

तुम्ही कधी गेलात तर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जा. दोन फळ्यांच्या वाटेवर उजवीकडून चाला, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणा, आणि फोटोसाठीसुद्धा पाय फळीबाहेर ठेवू नका.