दिल्लीचा ‘काळा बंदर’ आणि खऱ्या जखमा

मे 2001. दिल्लीत जीवघेणा उकाडा, वीज सारखी जातेय, म्हणून पूर्व दिल्लीत आणि शेजारच्या गाझियाबादमध्ये माणसं गच्चीवर झोपताहेत. अशात बोभाटा झाला, की रात्री एक माकडमाणूस येतो आणि नखांनी ओरबाडून पळतो. कुणी म्हणे अंगभर काळे केस, कुणी म्हणे डोक्यावर हेल्मेट. पोलिसांनी रेखाचित्रं काढली, 50,000 रुपयांचं बक्षीस लावलं. अंधारात ‘आला, आला!’ ऐकलं की लोक वाट फुटेल तिकडे पळत. त्या धावपळीत किमान दोघांचा जीव गेला.

बंदर सापडलाच नाही. मग न्यायवैद्यक तज्ज्ञांनी आणि दिलशाद गार्डनच्या ‘इहबास’ या मानसोपचार संस्थेच्या डॉक्टरांनी जखमी लोकांना तपासलं. जखमा खऱ्या होत्या. फक्त त्या उंदरांच्या, धडपडीच्या, एरवी कुणी लक्षही दिलं नसतं अशा. त्यांना अर्थ दिला तो भीतीनं.

हा किस्सा आपण हसत सांगतो, ‘अडाणी लोक’ म्हणतो. मला ते पटत नाही. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, पोटात गोळा आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल, असं सुशिक्षित घरांतही होतं. चिंता आणि नैराश्य पुष्कळदा असंच अंगातून बोलतं. घरचे म्हणतात, ‘नाटकं करते.’ पण दुखणं खरं असतं; कारण शोधायची जागा चुकलेली असते. त्या गच्च्यांवर सगळे माकड शोधत होते. किती रात्री झोप नाही, हे मात्र डॉक्टर येईपर्यंत कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.