पॉवर सप्लायची पूर्वपीठिका
माफक खर्चात व्हिडिओ एडिटिंगचा संगणक जुळवू पाहणारा गृहस्थ ज्या पॉवर सप्लायचा विचार सर्वांत शेवटी करतो, त्याचा इतिहास मात्र मोठा उद्बोधक आहे. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक अवतरला तेव्हा त्याचा समग्र कारभार अवघ्या ६३.५ वॉटवर चाले. चिपांची मुख्य मदार ५ व्होल्टवर, आणि १२ व्होल्टकडे ड्राइव्हच्या मोटारी फिरवण्याखेरीज फारसे काम नसे. १९९५ साली इंटेलने मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायच्या रचनेसाठी ‘एटीएक्स’ हा दंडक घालून दिल्यावर प्रोसेसरची भूक जसजशी वाढत गेली, तसतसा भार १२ व्होल्टकडे सरकला, आणि त्या निकडीतूनच पेन्टियम ४ च्या काळात चार पिनांची स्वतंत्र जोडणी आली. परंतु स्वस्त पॉवर सप्लायच्या कित्येक कारखानदारांनी जुन्या वाटणीचा शिरस्ता पुढेही कायम ठेवला: वर ठळक ‘४५० वॉट’, आणि खालच्या बारीक कोष्टकात १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर, म्हणजे केवळ २१६ वॉट! व्हिडिओ रेंडर होत असता प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तासन्‌तास वीज ओढतात ती याच १२ व्होल्टमधून. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील बाजारात घासाघीस करण्यापूर्वी ते कोष्टक वाचावे, आणि काटकसर हवीच असेल तर ती कॅबिनेटच्या शोभेत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोष्टकाखेरीज आणखी एक खूण पाहता येते: २००४ पासून पॉवर सप्लायवर ‘८० प्लस’ची मोहोर प्रचारात आली, आणि तिच्या परीक्षेत २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता सिद्ध करावी लागे.